थंडीतली पहाट, चालू इंजिन आणि मोकळी किल्ली

डिसेंबर-जानेवारीत मावळातल्या एखाद्या गावी पहाटे सहाच्या सुमारास रस्त्यावर येऊन उभे राहा. इंद्रायणीच्या खोऱ्यात धुक्याची दुलई पसरलेली असते. लोहगड आणि विसापूर यांचे माथे तेवढे तिच्यावर डोकावत असतात. कोठे शेकोटी पेटलेली असते. अशा शांत वेळी एकेक इंजिन सुरू होऊ लागते. दुधाचे कॅन घेऊन निघालेली जीप, हरितगृहातल्या गुलाबांची खोकी नेणारा टेंपो, तळेगावला कामावर निघालेल्या माणसाची मोटार, लोणावळ्याच्या बंगल्यातून मुंबईला परतणाऱ्या पाहुण्यांची गाडी.

यांतला एखादा चालक काय करतो पाहा. गाडी सुरू करतो, हातावर हात चोळतो आणि ‘जरा गरम होऊ दे’ असे म्हणून घरात चहा प्यायला जातो. इंजिन चालू, किल्ली गाडीत, दार नुसते ओढलेले, आणि आसपास चिटपाखरू नाही. चोराला आणखी काय हवे?

चोरी हा गुन्हा आणि तो चोराचाच, यात शंका नाही. पण या पाच-दहा मिनिटांची विज्ञानाच्या नजरेने तपासणी केली, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की ज्या कारणासाठी गाडी अशी सोडून दिली जाते ते कारणच आता फारसे उरलेले नाही. दुसरी ही, की मोटारीत चोरीपासून रक्षण करणाऱ्या ज्या युक्त्या बसवलेल्या असतात, त्या नेमक्या याच वेळी झोपलेल्या असतात. या दोन्ही गोष्टी नीट समजावून घेऊ.

मावळातली पहाट इतकी गार का?

दिवसभर जमीन सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे सोडून देते. आकाशात ढग असले, की यातली बरीच उष्णता ते परत खाली पाठवतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, रात्रही मोठी असते. त्यामुळे जमीन भराभर थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड. ती डोंगरउतारावरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी जमा होते. म्हणून इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांत पहाटे उंचावरच्या जागेपेक्षा तळाशीच गारठा अधिक असतो. उंच जावे तसे तापमान कमी होते हा नेहमीचा नियम येथे काही तासांपुरता उलटतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे. जानेवारीतल्या पहाटे तेथे आणि मावळात पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश इतके तापमान नोंदले गेले होते, म्हणजे हा प्रदेश कधी कधी चांगलाच गारठतो. तरीही एक लक्षात ठेवा: ही थंडी माणसाला बोचरी असली, तरी मोटारीच्या दृष्टीने ती सौम्यच आहे. ज्या देशांत पारा शून्याखाली २० अंश जातो, तेथली कथा निराळी.

काचेवरचे दव

गाडी चालू ठेवून थांबण्याचे एक कारण म्हणजे धुरकटलेली काच. २५ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ सामावून घेते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली, की तिच्यात ९ ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. उरलेली वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचे टप आणि काचा थेट आकाशाकडे उष्णता सोडत असतात, म्हणून त्या भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावर दव जमते.

हे दव बाहेरच्या अंगाला असते. ते घालवायला इंजिन कशाला हवे? एक कोरडे फडके पुरते. चालू इंजिनाची ऊब काचेपर्यंत पोचायला काही मिनिटे लागतात, फडक्याला अर्धे मिनिट.

काच आतून धुरकटते ती मात्र आपल्या श्वासातल्या वाफेमुळे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली कराव्यात, म्हणजे आतली दमट हवा बाहेर जाते. गाडीत वातानुकूलन यंत्र असेल तर ते सुरू करून हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडावा. हे यंत्र हवा थंड करताना तिच्यातली वाफ काढून घेते, त्यामुळे कोरडा झोत काच चटकन पुसून काढतो. पण हे सर्व चालकाने आपल्या जागेवर बसून करायचे असते.

याहून सोपा उपाय रात्रीच करता येतो. गाडी छपराखाली किंवा दाट झाडाखाली उभी केली, की तिच्या काचेला उघडे आकाश ‘दिसत’ नाही. झाडाची पाने उष्णता परत पाठवतात आणि दव फारच कमी पडते. छप्पर नसेल तर समोरच्या काचेवर एखादे गोणपाट किंवा जुनी चादर टाकावी.

‘इंजिन गरम होऊ दे’ ही सवय कोठून आली?

ही सवय अगदीच निराधार नव्हती. तुमच्या आजोबांच्या काळी रस्त्यावर अँबॅसिडर आणि फियाट गाड्या असत. त्यांच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर नावाचा भाग करी. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही, थेंब नळीच्या थंड भिंतींना चिकटून राहतात आणि इंजिन खोकून बंद पडते. म्हणून चालक समोरच्या फळीवरचे ‘चोक’चे बटण ओढत. त्यामुळे हवा कमी होऊन पेट्रोलचे प्रमाण वाढे. मग इंजिन चांगले तापेपर्यंत थांबावे लागे आणि चोक हळूहळू आत ढकलावा लागे.

इसवी सन २००० च्या सुमारास आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला. त्याच्या जागी इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे दाबाखाली बारीक तुषारांनी पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, धुरातला ऑक्सिजन यांची मापे संवेदक घेतात आणि एक लहानसा संगणक क्षणाक्षणाला पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. चोक ओढण्याचे काम तो स्वतःच करतो. यंत्र बदलले, सवय मात्र आजोबांकडून बाबांकडे जशीच्या तशी आली.

‘पण तेलाचे काय?’ असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो योग्यच आहे. थंडीत काकवी कशी संथ ओघळते ते तुम्ही पाहिले असेल. इंजिनाचे वंगण तेलही थंडीत दाट होते आणि सर्व भागांपर्यंत पोचायला थोडा वेळ घेते. पण आजकालची तेले अशा थंडीचा विचार करूनच बनवलेली असतात. तेलाच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० असे काही छापलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. मावळातल्या थंडीत अशा तेलाला फिरायला अर्ध्या-एक मिनिटापेक्षा अधिक काळ लागत नाही.

डिझेल गाडीची गोष्ट थोडी निराळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पटींनी दाबली, की ती आपोआप पाचशे अंशांच्या घरात तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिनाच्या भिंती थंड असल्या तर त्या ही उष्णता शोषून घेतात. म्हणून अनेक डिझेल इंजिनांत तापून लाल होणारे ग्लो प्लग बसवतात. किल्ली अर्धी फिरवली, की समोर वेटोळ्याच्या आकाराचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत काही सेकंद थांबायचे आणि मग गाडी सुरू करायची. येथेही वाट पाहायची ती सेकंदांत, मिनिटांत नव्हे.

खरा अपवाद आहे तो मोठ्या ट्रकचा आणि बसचा. त्यांचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात. रात्रीत हा दाब उतरला असेल, तर तो पुन्हा पुरेसा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावेच लागते. पण त्या वेळी चालकाने आपल्या जागेवर बसून दाबमापकाकडे लक्ष ठेवायचे असते.

थोडे गणित

उभ्या गाडीचे इंजिन लवकर तापते की चालत्या गाडीचे? एक साधा हिशेब मांडू. लहान पेट्रोल मोटार नुसती उभी राहून चालू असली, तर तासाला साधारण ०.७ लिटर पेट्रोल जाळते. तीच मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आणि लिटरला १५ किलोमीटर गेली, तर तासाला ४० ÷ १५ म्हणजे सुमारे २.७ लिटर पेट्रोल जाळते. जळलेल्या पेट्रोलच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. म्हणजे चालत्या गाडीत दर मिनिटाला जवळजवळ चौपट उष्णता तयार होते! त्यातली काही गाडी ओढण्यात खर्च होते हे खरे, पण इंजिन तापवायलाही उभ्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक उरते. शिवाय इंजिनाबरोबर गिअर, चाकांचे बेअरिंग आणि टायर हे भागही ऊब धरतात. उभ्या गाडीत ते थंडच राहतात.

म्हणून उत्तम रीत ही: गाडी सुरू करावी, अर्धे-एक मिनिट थांबावे आणि मग पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनावर जोर न देता सावकाश जावे. घाट चढायचा असेल तर त्याआधी एवढे सपाट अंतर मिळाले तर बरे.

आता उलट बाजू पाहा. रोज दहा मिनिटे गाडी उभी ठेवून चालवली, तर ०.७ लिटरचा सहावा भाग, म्हणजे सुमारे ०.१२ लिटर पेट्रोल फुकट जाते. हिवाळ्याच्या ९० दिवसांत साडेदहा लिटर! एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे २४ किलोग्रॅम वायू गाडी एक पाऊलही न हलता हवेत गेला.

गाडी पडवीत किंवा बंद गॅरेजमध्ये चालू ठेवणे तर जिवावरचे आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला काही कळण्याआधी ग्लानी येते.

चोराला दिसणारी खूण

थंडीत गाडीच्या मागच्या नळीतून पांढरा झुबका निघतो. तो मुख्यतः धूर नसून पाणी असते. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाण्याची वाफ होते. एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! ऑक्टेनचे रासायनिक समीकरण तुम्हाला माहीत असेल, तर ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी मिळते हे स्वतः पडताळून पाहा. उन्हाळ्यात ही वाफ दिसत नाही. थंड हवेत मात्र तिचे लगेच बारीक थेंब होतात आणि पांढरा ढग दिसतो.

हा ढग दुरून दिसतो आणि सांगतो, ‘येथे एक गाडी चालू आहे.’ आत कोणी नाही असे दिसले, की पुढचे काम सोपे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात हिवाळा कडक असतो. तेथे अशा सोडून दिलेल्या धुमसत्या गाड्यांना पोलिसांनी ‘पफर’, म्हणजे झुबके सोडणारी, असे नावच दिले आहे. अशा गाड्या चोरीला जातात म्हणून तेथील पोलीस थंडीत पहाटे रस्त्यांवर फिरून लोकांना सावध करतात.

किल्ली काढल्यावरच जागे होणारे पहारेकरी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मोटारीत चोरीविरुद्ध कोणकोणते पहारेकरी असतात?

पहिला पहारेकरी म्हणजे सुकाणूचे कुलूप. किल्ली काढून सुकाणू-चाक थोडे फिरवले, की खट् असा आवाज होऊन ते अडकते. आत एक पोलादी खिट्टी सुकाणूच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसते. मग इंजिन कसेबसे सुरू केले, तरी गाडी वळवता येत नाही. ही खिट्टी इंजिन चालू असताना कधीच पडू नये अशी तिची रचना असते. कारण उघड आहे. चालत्या गाडीचे सुकाणू अडकले, तर अपघात ठरलेला.

दुसरा पहारेकरी अधिक हुशार आहे. त्याला इममोबिलायझर म्हणतात. आपण त्याला ‘गतिरोधक कुलूप’ म्हणू. बहुतेक नव्या मोटारींच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक चकती आणि तारेचे सूक्ष्म वेटोळे असते. त्याला विजेरी लागत नाही. मग वीज येते कोठून? मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवले की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. किल्ली घालायच्या भोकाभोवती गाडीने असेच एक वेटोळे बसवलेले असते. किल्ली फिरवली, की त्यात वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र किल्लीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण करते आणि चकती जागी होते.

मग गाडी आणि किल्ली यांच्यात सवाल-जवाब होतो. गाडी एक आकडा पाठवते. किल्ली तो आकडा आपल्याजवळच्या गुप्त सूत्रात घालून उत्तर परत पाठवते. उत्तर बरोबर आले तरच गाडीचा संगणक पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. प्रत्येक वेळी सवाल निराळा असल्याने जवाबही निराळा. म्हणून किल्लीची नुसती धातूची नक्कल करून, किंवा जुन्या चित्रपटांत दाखवतात तशा दोन तारा जोडून, अशी गाडी सुरू होत नाही. जर्मनी आणि ब्रिटन या देशांत १९९८ पासून नव्या मोटारींना हे कुलूप सक्तीचे झाले, आणि त्यानंतर युरोपात मोटारचोरीचे प्रमाण पुष्कळ उतरले.

पण हा सवाल-जवाब होतो केव्हा? गाडी सुरू करताना! एकदा इंजिन सुरू झाले, की पहारेकरी निश्चिंत होतो. चालू गाडीत बसणाऱ्या माणसाला तो ‘तू कोण?’ असे विचारीत नाही. किल्लीऐवजी बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही बहुधा असेच असते. किल्ली खिशात घेऊन मालक घरात गेला, तर गाडी ‘किल्ली नाही’ असा इशारा देते, पण इंजिन बंद करीत नाही. तसे केले आणि रस्त्यात किल्लीची विजेरी संपली, तर भर घाटात गाडी बंद पडेल.

थोडक्यात, मोटारीचे सारे संरक्षण ‘बंद’ आणि ‘चालू’ या दोन अवस्थांच्या सीमेवर उभे आहे. इंजिन चालू ठेवून निघून जाणारा माणूस ही सीमा चोरासाठी स्वतःच ओलांडून देतो. लाखो रुपये खर्चून बसवलेले विज्ञान एका चहाच्या कपापायी निकामी होते.

दहा मिनिटांत गाडी कोठे जाईल?

ताशी ४० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ६७० मीटर. मालकाला चोरी दहा मिनिटांनी कळली, तर गाडी साडेसहा किलोमीटरांवर गेलेली असेल. लोणावळ्याहून ती घाटाकडे गेली असेल तर खंडाळा मागे पडला असेल, पुण्याकडे गेली असेल तर कार्ल्याचा फाटा जवळ आला असेल, आणि भुशी धरणावरून गेली असेल तर ती आंबवण्याच्या वाटेला लागली असेल. शिवाय धुक्यात गाडीचा क्रमांक वाचणे कठीण. शोधाच्या दृष्टीने पाहिले तर अंतर दुप्पट झाले, की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणूनच चोरी कळताच आधी स्वतः शोधत न हिंडता ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. गाडीचा क्रमांक, रंग आणि ती कोणत्या दिशेला गेली असावी, हे सांगता आले पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना लावण्यात येणारी सुरक्षित क्रमांकपट्टी सहज काढता किंवा बदलता येत नाही. पण तिचा उपयोग होतो तो तक्रार वेळेवर झाली तर.

ज्याचा टेंपो हेच पोट भरण्याचे साधन आहे, त्याची हानी केवळ गाडीच्या किमतीएवढी नसते. फेब्रुवारीच्या बाजारासाठी जानेवारीअखेर मावळातली गुलाबफुले घाईने रवाना होतात. त्या दिवसांत टेंपो गेला, तर हंगामच गेला. विमा असला तरी फक्त ‘तृतीय पक्षा’चा विमा चोरीची भरपाई देत नाही. सर्वसमावेशक विम्यातही मालकाने वाहनाची वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते. किल्ली गाडीत सोडली होती असे निघाले, तर भरपाईवरून वाद उभा राहू शकतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२६ प्रमाणे, सार्वजनिक जागी वाहन उभे असताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला असला पाहिजे. नाही तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालक नसताना वाहन चुकून चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. हा नियम मुख्यतः अपघात टाळण्यासाठी आहे. लोणावळ्या-खंडाळ्याच्या उतारांवर सुटलेली गाडी काय करील ते सांगायला नको. पण तो पाळला, तर चोरीही टळते.

हे घरी सांगा

तुमच्यापैकी बहुतेकांचे गाडी चालवण्याचे वय झालेले नाही. पण घरच्यांना पुढील गोष्टी सांगण्याचे वय नक्कीच झाले आहे.

१. आधी चहा, मग गाडी. सामान भरणे, दार लावणे, सर्वांनी आत बसणे हे झाल्यावरच इंजिन सुरू करावे.
२. काच पुसायचे फडके रात्रीच गाडीत ठेवावे.
३. एक मिनिटासाठी उतरायचे असले, तरी इंजिन बंद, किल्ली हातात, काचा वर आणि दार कुलूपबंद.
४. चालू गाडीत लहान भावंडाला एकटे बसवून जाऊ नये. गाडीबरोबर मूलही जाईल, किंवा त्याचा हात गिअरला लागून गाडी चालू लागेल.
५. बिनतारी किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नये. तिचे संदेश उपकरणाने लांब नेऊन गाडी उघडण्याची युक्ती काही चोरांना अवगत आहे. किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून डबा गाडीजवळ न्या. दार उघडले नाही, तर डबा उपयोगी आहे असे समजा.
६. जुन्या गाडीत गतिरोधक कुलूप नसेल, तर सुकाणूला अडकवायचा लोखंडी दांडा वापरावा. तो बाहेरून दिसतो हाच त्याचा मोठा गुण.

दोन प्रयोग

पहिला प्रयोग: निरभ्र रात्री स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या घ्या. एक उघड्या अंगणात आणि दुसरी झाडाखाली जमिनीपासून सारख्याच उंचीवर ठेवा. पहाटे दोन्ही पाहा. दव कोणत्या ताटलीवर अधिक पडले? ढगाळ रात्री प्रयोग पुन्हा करा आणि फरक वहीत लिहून ठेवा.

दुसरा प्रयोग: वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची किंवा शेजारची एक गाडी निवडावी. मालकाच्या परवानगीने, चालक जागेवर बसलेला असताना, इंजिनाचा तापदर्शक काटा उभ्या गाडीत दहा मिनिटांत किती सरकतो ते एके दिवशी पाहावे. दुसऱ्या दिवशी तितक्याच थंडीत गाडी सावकाश चालवून काटा तेथवर यायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. काही गाड्यांत काट्याऐवजी निळा दिवा असतो. तो विझण्याची वेळ नोंदवावी. शिक्षकांनी सर्व नोंदी फळ्यावर मांडून त्यांची सरासरी काढून घ्यावी.

हे आकडे घरी जाऊन दाखवा. ‘गाडी गरम करू नका’ असे नुसते म्हटले, तर वडीलमंडळी ऐकतीलच असे नाही. पण गाडी चालवतच लवकर गरम होते, हे त्यांच्याच गाडीच्या काट्यावरून दिसले, तर किल्ली त्यांच्या खिशात राहील.